फक्कीच्या रेघेबाहेरचा गुडघा

गुडघा रेघेच्या बाहेर गेला, एवढंच झालं होतं. लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला खेटून असलेली वस्ती, मारुतीच्या पारासमोरची मोकळी जागा, एप्रिलची संध्याकाळ. जमिनीवर फक्कीनं सरकारी योजनेतलं एक घर आखलेलं: बाहेरची खोली १० बाय १२, मागं ६ बाय ७ चं स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि संडास. कागदावरचा नकाशा आठवडाभर आधीच सगळ्यांना दाखवून झाला होता. माना डोलल्या होत्या, सह्या-अंगठे उरकले होते. मग कुणीतरी म्हणालं, एकदा जमिनीवर आखून तरी बघू. साठीच्या पुढची एक मावशी रेघा पुसू नयेत म्हणून लुगडं आवरत, जिथं दार दाखवलं होतं तिथूनच आत शिरली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. २ फुटी ओट्याची रेघ तिनं बघितली, त्याच्याकडं पाठ केली आणि खाली बसली. एक पाय उभा, एक आडवा दुमडलेला. समोर परात आहे असं धरून तिनं भाकरी थापल्यासारखे हात फिरवले. उजव्या हाताला चूल, डाव्या हाताला पिठाचा डबा. आडव्या पायाचा गुडघा भिंतीच्या पार पलीकडं, बाहेरच्या खोलीत. "मी हितं बसले तर सून आत येणार कुठून?" आखणी करणारे साहेब म्हणाले, "मावशी, ओटा आहे की. उभ्यानं करायचं." "उभ्यानं भाकरी थापत नसतेत, साहेब." सगळे हसले. ती मात्र गुडघ्याला लागलेली पांढरी फक्की झटकत तशीच बसून राहिली.

सह्या त्याच्या आधीच झाल्या होत्या.

हे सह्यांचं प्रकरण डोक्यातून जात नाही. तिला नकाशा कळला नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. खोल्या किती, दार कुठं, संडास कुठं, हे तिला नीट सांगता येत होतं. कागदावर तिला स्वतःला बसवता आलं नव्हतं, एवढंच. घर ही मापायची गोष्ट खरी, पण ती आधी अंगानं मापली जाते: हात किती लांब पोचतो, वाकलं की डोकं कशाला लागतं, रात्री लेकराला घेऊन उठलं की पाय कुणावर पडतो. शिवाय कागद घेऊन आलेल्या माणसाला कुणी 'नाही' म्हणत नाही. यादीतून नाव उडेल ही धास्ती असते आणि ती अगदीच खोटीही नसते. त्यामुळं 'तुम्हाला कसं घर पाहिजे?' या प्रश्नाला वस्तीत ठरलेलं उत्तर मिळतं: "तुमी देताल तसं." हे उत्तर लिहून घ्यायचं आणि वर 'लोकसहभाग' म्हणून रकाना भरायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

फक्कीला खर्च जवळपास नाही. एक गोणी फक्की, सुतळी, खुंट्या, १०० फुटी टेप, आणि वस्तीतलाच एखादा गवंडी. काटकोन साधायला सुतळीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणायचा. हे गवंड्याला शिकवावं लागत नाही. पण एक चूक हमखास होते: भिंतीसाठी एकच रेघ ओढली जाते. भिंत रेघेएवढी बारीक नसते. ९ इंची विटेची भिंत धरली तर आतून १० बाय १२ ची खोली बाहेरून साडेअकरा बाय साडेतेरा होते. म्हणजे आत १२० चौरस फूट आणि बाहेरून १५५. मधले ३५ फूट भिंतीनं खाल्ले. २० बाय ३० चा, बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर, घेतलेला गुंठेवारीतला प्लॉट असेल तर हे ३५ फूट म्हणजे एक न्हाणी आणि वर थोडं. म्हणून भिंतीला दोन रेघा. दार उघडतं ती कमान सुतळीनं फिरवून दाखवायची, कारण आत उघडणारं ३ फुटी दार एका बॅरलची जागा घेऊन बसतं. मग घरातल्या खऱ्या वस्तू आणायच्या: बाज (६ बाय ३), कपाट, पाण्याचे बॅरल, शिलाई मशीन, दळणाचे डबे, सायकल. वस्तीतली दोन तरणी पोरं तेवढ्यात उत्साहानं हे सगळं उचलून आणतात आणि अर्ध्या तासात रेघांच्या घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. तिथून खरी चर्चा सुरू होते.

पहिली मागणी जिन्याची येते. नकाशात जिना नसतो, कारण योजनेच्या घरात वरचा मजलाच नसतो. पण मे महिन्यात स्लॅबखाली झोपणं काय असतं ते मराठवाड्यात सांगायला नको. रात्री ११ वाजता भिंतीला हात लावला तरी ती सकाळच्या तव्यासारखी लागते. अख्खं घर वर झोपायला जातं. वर कुरडया-पापड वाळतात, तुरी पसरतात, आणि धाकट्याचं लग्न ठरलं की वरच एक खोली चढते. जिन्याचा हिशेब मात्र कुणाच्या ध्यानात नसतो. १० फूट उंची ७ इंचांच्या पायरीनं चढायची तर १७ चढ. मध्ये वळण घेऊन दोन पट्ट्यांत बसवला तरी ६ बाय १० ची जागा जाते, ६० चौरस फूट. घर आहे २६९ फुटांचं, म्हणजे २५ चौरस मीटर. हे फक्कीनं दाखवलं की लोक स्वतःच जिना बाहेर काढतात, लोखंडी करतात, अडीच फुटी करतात, नाहीतर शेजारच्याशी बोलून दोन घरांत एक जिना घेतात. हा शेवटचा तोडगा कुठल्याच इंजिनिअरला सुचणार नाही आणि सुचला तरी तो लादता येणार नाही, कारण कुणाचं कुणाशी पटतं ते त्याला माहीत नसतं. वर मजला चढवायचा असेल तर ते आज, पाया खोदायच्या आधी सांगायला पाहिजे. नुसते कॉलमचे गज वर मोकळे ठेवून भागत नाही. खालचा पाया दोन मजल्यांच्या वजनाचा लागतो, आणि बाहेर राहिलेल्या गजांवर सिमेंटचा पातळ लेप नसला तर दोन पावसाळ्यांत त्यांचे पापुद्रे सुटतात.

दुसरी मागणी पाण्याची, आणि इथं लातूरकरांना कुणी शिकवू नये. २०१६ साली या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आजही मराठवाड्यातल्या कित्येक गावांत नळ आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा येतो. पण आराखड्यात बघावं तर छतावर ५०० लिटरची टाकी काढून ठेवलेली असते, रोज पाणी येणाऱ्या शहरातून उचलल्यासारखी. हिशेब साधा आहे. माणशी ७० लिटर, ५ माणसं, ८ दिवस: २,८०० लिटर. एवढं पाणी स्लॅबवर चढवलं तर पावणेतीन टन वजन झालं, आणि चढवणार कशानं, दाब तर गुडघ्याएवढाही नसतो. वस्तीतला माणूस जमिनीत हौद मागतो. ५ बाय ५ बाय ४ फूट, म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच बरोबर एक ब्रास. वाळू मोजायच्या मापानं पाणी मोजलेलं ऐकलं की गंमत वाटते, पण "एक ब्रास पाणी लागतंय बघा घराला" हे कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं वाक्य आहे. हौद कुठं घ्यायचा तेही तेच सांगतात: ओसरीखाली. नळ गल्लीतून येतो, टँकरचा पाइप दारातून टाकता येतो, आणि झाकणावर संध्याकाळी बसता येतं. संडासाच्या शोषखड्ड्यापासून तो जितका लांब तितका बरा, एवढं एकच बाहेरच्या माणसानं अडून सांगावं.

बाहेरच्या माणसानं कधी अडावं आणि कधी गप्प बसावं, हे काही सोपं नाही.

या भागात तो प्रश्न किल्लारीच्या भूकंपापासून चालत आलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. जुनी घरं दगडमातीची. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद भिंती, पण दगडाचे दोन सुटे पदर आणि मध्ये माती-चिपा भरलेल्या. आरपार जाऊन दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा दगड क्वचितच. डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि ते गळू नये म्हणून दरसाल पांढऱ्या मातीचा एक थर वाढवलेला. भूकंपानं भिंतींचे पदर उकलले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, भिंती तेवढ्या आतबाहेर कोसळल्या. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. पण हे त्या वेळी कोण कुणाला समजावणार? ज्यांनी आपली माणसं दगडाखालून काढली, त्यांनी दगडाच्या घरात पुन्हा पाय ठेवायला नकार दिला. सिमेंट पाहिजे म्हणाले. विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते, आणि त्यांना चूक म्हणायचं धाडस कुणात आहे?

पुढं ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४००, त्याच्या वर ७५०. सरळ रेषा, रुंद रस्ते, ओळीनं घरं. गाव लांबून नीटनेटकं दिसतं, चालायला लागलं की संपत नाही. जुन्या गावात भावकीची आळी होती, एकाच्या ओसरीतून दुसऱ्याच्या परसात जाता येत होतं, दारातल्या ढाळजेत म्हातारी माणसं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत. नव्या गावात ढाळज नव्हती, धान्य साठवायचं बळद नव्हतं, कडबा ठेवायला जागा नव्हती, बैल दाराशी बांधायचा तर रस्त्यावर. मग लोकांनी हळूहळू आपलं घर परत आणलं. पुढं पत्रा ओढला, बाजूला चूल मांडली, सिमेंटच्या खोलीत धान्याची पोती रचली आणि स्वतः पत्र्याखाली झोपले. त्याच कार्यक्रमात शेकडो गावं अशीही होती जिथं घरं पाडली नाहीत, दुरुस्त केली. पैसे टप्प्याटप्प्यानं घरमालकाच्या हातात, काम त्याचं त्यानं करून घ्यायचं. भिंतीत आरपार दगड, कोपरे बांधणं, वर काँक्रीटचा पट्टा. तिथं गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. सिमेंटची गोणी कशी तपासायची, पैसा कुठल्या टप्प्याला अडतो, हे त्या घरोघर सांगत फिरल्या. एकाच भूकंपातून ही दोन तऱ्हेची गावं निघाली, फार लांबही नाहीत एकमेकांपासून. कुणाला सवड असेल तर एका दिवसात दोन्ही बघून यावीत, शक्यतो दुपारी, लोक घरात कुठं बसलेत ते दिसतं.

वस्तीला विचारायचं ते आवडीनिवडीसाठी, असं धरलं जातं. रंग कुठला, खिडकी कुठं, वगैरे. पण तिच्याजवळ माहितीही असते, आणि ती तांत्रिक असते. पारासमोर त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्यानं काठीनं गोल काढून दाखवला: "इथं आड व्हता. बुजविला." फक्कीच्या घराचा मागचा कोपरा नेमका त्या गोलावर. भरावावर कोपरा आला की तो खचणार आणि भिंतीला तिरपी भेग जाणार, हे कुठलाही गवंडी सांगेल. पण आड कुठं होता हे कुठल्या नकाशात आहे? तसंच काळ्या मातीचं. मे महिन्यात जिच्या भेगेत अख्खा पंजा जातो तीच माती जुलैत फुगून जोतं उचलते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण मुरूम एका टोकाला ३ फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला ७ फुटांवर असतो, आणि ते ज्यांनी तिथं शोषखड्डे, कबरी, विजेच्या खांबांचे खड्डे खणलेत त्यांनाच माहीत असतं. अंदाजपत्रक मात्र सगळ्या प्लॉटला एकच. ७ फूटवाला पायातच निम्मे पैसे घालून बसतो आणि पुढं भिंती अर्ध्यावर राहिल्या की आळशी ठरतो. पायाभोवती ३ फुटांची फरशी आणि न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब काढणं, एवढ्यानं पुष्कळ भेगा टळतात. पण कागदावर न्हाणी कोपऱ्यात असते आणि तिचा पाइप जोत्याशीच संपतो.

पैशाची गोष्ट सगळ्यांत आधी करायला पाहिजे, आणि ती नेहमी शेवटी होते. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक मिळून अडीच लाख, गावात घरकुलाला त्याहून कमी. पंधराशे रुपये फूट धरलं तरी २६९ फुटांचे ४ लाखांवर जातात. मधला खड्डा सावकार, बचत गट आणि मंगळसूत्र भरून काढतं. म्हणून चर्चेला चिंचोके घेऊन बसावं. २५ चिंचोके, प्रत्येक १० हजारांचा. पाया, भिंती, स्लॅब, दारं-खिडक्या, संडास, हौद, गिलावा यांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या, दर त्याच आठवड्याचे, तिथल्याच दुकानातले. बायका चिंचोके ठेवतात, उचलतात, नवऱ्याकडं बघतात, पुन्हा ठेवतात. ३०० फुटांच्या ५ इंची स्लॅबला सव्वा ब्रास काँक्रीट, म्हणजे २८-३० गोण्या सिमेंट आणि पावणेतीन-तीन क्विंटल सळई, हे कळल्यावरही स्लॅबचे चिंचोके कुणी उचलत नाही. गिलाव्याचे उचलतात, ओट्याचे उचलतात, एखादी खिडकीसुद्धा जाते. स्लॅब उकडतो, वर चुन्याचा हात मारा, विटांच्या तुकड्यांचा (ब्रिकबॅट) कोबा करा, नाहीतर पत्र्याखाली चांगलं छत करू, सगळं सांगून होतं. एक बाई शांतपणे म्हणाली, "पत्र्याच्या घरात पोरगी देत नाहीत." आता यावर काय बोलणार? साहेबानं हवेशीरपणाचं गणित मांडावं आणि समोरून सोयरिकीचं गणित यावं, आणि दोन्ही बरोबर असावीत.

आणि कधी विचारायचं? हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या कित्येक वस्त्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. कोयता घेऊन जोड्या कारखान्यांवर जातात, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मार्च संपायच्या आत निधी खर्ची टाकायचा म्हणून बैठका नेमक्या जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ज्यांचं घर ते उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. बैठक घ्यायची तर कारखाने सुटल्यावर, पाऊस पडायच्या आत. बाजाराचा दिवस सोडून. बायकांची वेगळी, रात्री ८ नंतर. दहा-बारा घरांची एक, अख्ख्या वस्तीची नको, नाहीतर पुढं बसलेले चार जण बोलतात आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघतात. तरीही भाडेकरू येत नाहीत, आणि ज्यांचा बाँड सावकाराकडं आहे ते येऊन मागं उभे राहतात. वर्षातले ५-६ महिने कुलपात राहणाऱ्या घराला काय लागतं हे फडावरून आलेल्या बाईला विचारलं तर पहिल्या वाक्यात उत्तर मिळतं: मागं दार नको, एकच दार, पण मजबूत. हवा खेळती राहावी म्हणून समोरासमोर दारं काढणाऱ्याचा नकाशा तिथंच संपतो.

गल्लीची रुंदी मोजताना तर सगळेच चपापले. आराखड्यात वळणावर ४ फूट होते. पाण्याचा पाइप जातो, मोटारसायकल जाते, हातगाडी तिरकी करून निघते. एक जण हळूच म्हणाला, "मयत वळत नाही." तिरडी साडेसहा-सात फूट, खांद्यावर चौघं. ४ फुटी गल्लीतून काटकोनात वळायला ती उभी करावी लागते. बापाला असं उभं करून काढलेलं त्या वस्तीनं पाहिलं होतं. कोपरा तिरका छाटायचं ठरलं. दोन्ही बाजूंच्या घरांनी दीड-दीड फूट सोडले, कुठली सक्ती नाही, मोबदला नाही.

मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ऐंशीच्या दशकात कापडाच्या भिंती उभ्या करून पुऱ्या मापाची घरं मांडली होती. महिला मिलन ही त्यांची संघटना आणि स्पार्क ही संस्था, यांचं ते काम. त्यातून १४ फूट उंचीची, अर्ध्यात पोटमाळा असलेली खोली निघाली, कारण पसरायला जागाच नव्हती. आपल्याकडं जागा निदान पसरट आहे, आभाळ मोकळं आहे आणि माती लागेल तेवढी आहे. फक्की तर प्रत्येक शाळेत खोखोचं मैदान आखायला ठेवलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारासमोर शेळ्या रेघा तुडवत फिरत होत्या आणि पोरं बाहेरच्या खोलीत लंगडी खेळत होती. न्हाणीची भिंत जवळजवळ पुसली गेली होती. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या रेघेला समांतर मात्र एक करडी रेघ उमटलेली होती, राखेची, हातानं चिमूट चिमूट सोडत ओढलेली, थोडी नागमोडी. साहेबांनी टेप लावला. पांढऱ्यापासून करड्यापर्यंत दीड फूट. स्वयंपाकघर ६ चं साडेसात झालं होतं आणि बाहेरची खोली १२ ची साडेदहा. साहेब म्हणाले, मग बाज बसणार नाही, दार अडेल. पारावर चहा घेत बसलेल्या मावशीनं बशी खाली ठेवली, उठून आली आणि काल आणलेली बाज, जी रात्रभर तिथंच राहिली होती, एका टोकाला धरून फरफटत आडवी फिरवली. बाजेचे दोन पाय भिंतीच्या रेघेवर आले, बाकीचे दोन आत. दार उघडतं त्या सुतळीच्या कमानीपासून ते वितभर लांब होते. साहेबांनी वाकून ती वीत मोजली आणि नकाशा काढायला पिशवीत हात घातला.